अलकाचं उटणं

दिल्लीत, मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत अलकनंदा दाबकेचा फ्लॅट कुठला, हे दिवाळीच्या आधी कुणाला विचारावं लागायचं नाही. गेटमधून आत आलं की वासावर चालत सुटायचं. आंबेहळद, वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी. तो वास जिन्यातून चढत माझ्या घरापर्यंत यायचा, कारण मी तिच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहते. समोरच्या खन्नाआंटी नाकाला रुमाल लावून विचारायच्या, "सुनंदाजी, ये नीचे हवन चल रहा है क्या?" अलकाला हे कळलं तेव्हा तिनं त्यांच्याच हातात उटण्याची पुडी नेऊन ठेवली. पुढच्या वर्षी आंटी आपण होऊन पुडी मागायला आल्या.

अलका केंद्र सरकारच्या एका खात्यातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाली. नवरा, मुरलीधर, त्याआधीच गेला होता. एकुलता एक मुलगा आशय नोएडात नोकरीला. बाईचा स्वभाव सरळ, आवाज मोठा आणि मत एकदा झालं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी बदलायचं नाही. उटण्याच्या बाबतीत तर विचारूच नका. मेट्रोनं चांदनी चौकात जाऊन खारी बावलीच्या मसाला बाजारात ती एकेक मुळी मोडून हुंगायची आणि दुकानदाराला सुनवायची, "भैया, ये पिछले साल का है." तो शपथा घ्यायचा, ती पुढच्या दुकानात जायची. कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या लोकांचा दिवाळी बाजार भरायचा, तिथं चकल्या संपायच्या आधी अलकाचं उटणं संपायचं.

तिचं एक सूत्र होतं. जे तोंडात घालता येत नाही, ते अंगाला लावायचं नाही. हे ती सर्व्हिस रूल सांगावा तसं सांगायची. मी एकदा म्हटलं, "नागरमोथा कधी खाल्लायस का गं, चहाबरोबर?" तर म्हणाली, "वैद्य देतात की पोटात. तू विषय भरकटवू नकोस." तिच्याशी वाद घालण्यापेक्षा तिच्या हातचा चहा प्यावा, हे मी फार लवकर शिकले होते.

या सगळ्याच्या मुळाशी एक सल होता, आणि तो तिनं मला कितीदा तरी सांगितला होता. आशय झाला तेव्हा रजा संपली आणि तिला ऑफिस गाठावं लागलं. सासू नाही, आई दूर साताऱ्याला. मग एक मालिशवाली यायची, पोराला सरसोंच्या तेलानं चोळून न्हाऊ घालून जायची. संध्याकाळी अलका घरी येऊन पोराला जवळ घ्यायची, तर त्याच्या जावळाला सरसोंचा उग्र वास. "माझंच मूल, आणि वास परक्याचा," ती म्हणायची. "सुनंदा, नातवंडाला मीच न्हाऊ घालणार. माझ्या हातानं. लिहून ठेव." तिला दुसरं काही नको होतं. ना काशी, ना अमेरिका.

आशयनं पुण्याची अपूर्वा करून आणली. कंप्युटरवाली मुलगी, फोन हाताला चिकटलेला, आणि मी मनातल्या मनात म्हटलं, आता या घरात रोज महाभारत. पण झालं भलतंच. अपूर्वाला दिवस गेले आणि ती बाळासाठी साबण-तेलाच्या बाटल्यांची लेबलं वाचायला लागली. तिचा फोनवर आयांचा एक ग्रुप होता. त्यात अमुक बाटलीत काय विष आहे, तमुक पावडरीत काय, याच्या दिवसभर चर्चा. एके दिवशी ती घाबऱ्या चेहऱ्यानं सासूला म्हणाली, "आई, मार्केटमध्ये सेफ काहीच नाहीये यार. सगळ्यात केमिकल्स." अलकानं पदर खोचला आणि म्हणाली, "मार्केट हवंय कुणाला?"

तिथून त्या दोघींचं जसं सूत जुळलं, तसं मी कुठल्याच सासू-सुनेचं पाहिलं नव्हतं. सून गुळगुळीत कागदावर हिरवं पान छापलेल्या बाटल्या मागवायची, सासू त्यांची झाकणं उघडून हुंगायची आणि नापास करायची. शेवटी ठरलं ते असं. लाकडी घाण्याचं बदाम तेल. घरी दळलेली मसूर डाळ, त्यात चिमूटभर आंबेहळद. कालवायला दुधावरची साय. सगळं खाण्याचं, सगळं शुद्ध. मला त्या दोघींचा हेवा वाटायचा. माझी सून बंगळूरला असते, मला ती वाढदिवसाला फुलं पाठवते.

हिवाळ्याच्या तोंडावर सुधन्वा जन्मला. घरात सगळे त्याला धनू म्हणू लागले. अलका न्हाणीघरात पाटावर बसायची, पाय लांब करून, नडग्यांवर बाळ पालथं. आधी तेल, मग सायीत कालवलेलं डाळीचं पीठ, मग कोमट पाणी. मी दारात उभी राहून बघायची. तिचे हात मोठे होते, फायली हाताळून रापलेले, पण बाळावर ते असे फिरायचे की बघणाऱ्याला झोप यावी. नातू म्हणजे दुधावरची साय म्हणतात, आणि ही बाई सायीलाच साय लावत होती. त्या दिवसांत तिच्यासारखं सुखी माणूस दिल्लीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

मग धनूचे गाल लाल झाले. आधी वाटलं थंडी. मग कोपराच्या आणि गुडघ्याच्या घड्या लाल झाल्या, चिरल्या, त्यातून पाणी यायला लागलं. पोर रात्रंदिवस गाल उशीला घासायचं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "याची त्वचा जन्मतःच कोरडी आहे. तिला बारीक भेगा पडतात. ही ट्यूबमधली साधी क्रीम दिवसातून तीन-चारदा भरपूर लावायची, लाल भागावर काही दिवस हे मलम. बेसन, डाळ, साय, तेल, सगळं बंद. खाण्याची वस्तू चिरलेल्या त्वचेवर नको." त्या इतकं स्पष्ट बोलल्या होत्या. आशयनं मला नंतर शब्दन् शब्द सांगितला.

घरी येऊन दोघी ट्यूबा घेऊन बसल्या. अलकानं चष्मा लावून क्रीमचं लेबल वाचलं. "पेट्रोलियम? गाडीत घालतात ते?" अपूर्वानं मलमाचं नाव फोनवर घातलं आणि तिचा चेहराच उतरला. "आई, हे स्टिरॉइड आहे."

आशय म्हणाला, "अगं, डॉक्टर बोलल्यात ना. आपण थोडे दिवस करून तर बघू."

त्यांनी करून पाहिलं, नाही असं नाही. आठवड्याच्या आत धनूची कातडी लोण्यासारखी झाली. आणि तिथंच घोटाळा झाला. इतक्या झटपट बरं होणं त्या दोघींना सोसेना. अलका म्हणाली, "हे बरं झालेलं नाही, आत दाबलं गेलंय. आतून बाहेर यायला हवं." अपूर्वाच्या ग्रुपमधल्या बायकांनीही हेच सांगितलं. ट्यूबा कपाटात गेल्या. पाटावर पुन्हा तेल, डाळ, साय आली.

लाली परत आली, जास्तच आली. पण आता प्रत्येक वेळी त्यांच्याकडे उत्तर तयार असायचं. मयूर विहारचं पाणी जड, बादलीला पांढरे थर चढतात. म्हणून फिल्टरच्या पाण्यानं आंघोळ सुरू झाली. हवा विषारी, म्हणून हवा शुद्ध करायचं यंत्र आलं. हे दोन्ही खरंच होतं, दिल्लीची हवा आणि पाणी कुणाला सांगायला नको. पण दोष कधी तेलाला गेला नाही. फार तर तेल आणखी शुद्ध हवं असं ठरायचं. मग अलका बदाम स्वतः निवडून घाण्यावर समोर बसून तेल काढून आणायची. आंघोळीनंतर एकदा मी म्हटलं, "पोर भाजल्यासारखं दिसतंय गं." ती टॉवेलात त्याला गुंडाळत म्हणाली, "रक्त खेळतंय." तिला खरंच तसं वाटत होतं. लबाडी तिला येतच नव्हती, तेवढी आली असती तरी बरं झालं असतं.

उन्हाळ्यात धनूचं उष्टावण ठरलं. आपल्यात बाळाला पहिला घास मामा भरवतो. मामा म्हणजे अपूर्वाचा भाऊ अनिश, पानिपतला एका ब्लँकेटच्या कारखान्यात नोकरीला. तो मऊ दुलईचं गाठोडं घेऊन आला तेव्हा आशयनं दारातच त्याला मिठी मारली. "या! पानिपतहून धड परत आलेला पहिला मराठी माणूस." सगळे हसले, मीसुद्धा. घरात दहा-बारा माणसं, रांगोळी, मधोमध चांदीची वाटी. वाटीत तांदळाची खीर. बाळाच्या घशात काही अडकू नये म्हणून अलकानं बदाम गंधासारखे उगाळून त्यात घातले होते. तिला या क्षणाची किती घाई होती ते तिच्या चालण्यातच दिसत होतं.

अनिशनं सोन्याची अंगठी खिरीत बुडवून धनूच्या जिभेला लावली. धनूनं तोंड वेडंवाकडं केलं, मग मिटक्या मारल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अनिशनं आणखी एक चमचा दिला, कुणीतरी फोटो काढला.

फोटो काढणाऱ्याच्याच लक्षात ते आधी आलं. धनूचा ओठ सुजत होता. बघता बघता डोळे बारीक झाले, मानेवर गांधी उठल्या, पोटातलं सगळं बाहेर आलं. मग तो खोकायला लागला, आणि मग खोकायचाही थांबला आणि अनिशच्या हातावर ओल्या फडक्यासारखा पडला. अपूर्वाची किंकाळी मी अजून विसरलेली नाही. आशयनं पोर उचललं आणि जिना उतरला. बाकीचे त्याच्यामागे धावले. मी आणि अलका मागे राहिलो, कारण तिचे पाय उचलेनात. वाटी पाटाजवळ तशीच होती.

धनू वाचला. हे मी आधीच सांगते. हॉस्पिटलात त्याच्या मांडीत इंजेक्शन दिलं आणि तो रडला, आणि ते रडणं ऐकून आशय भिंतीला टेकून खाली बसला. पुढं तपासण्या झाल्या. बदाम, मसूर, दूध. तिन्हींची ॲलर्जी निघाली.

त्याच डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. रागावल्या नाहीत, हेच वाईट. म्हणाल्या, मूल पोटातून एखादी गोष्ट पहिल्यांदा घेतं तेव्हा शरीर बहुधा तिला आपलं म्हणतं. पण चिरलेल्या त्वचेतून तीच गोष्ट रोज आत जात राहिली तर शरीर तिला शत्रू समजू शकतं. अपूर्वानं विचारलं, "म्हणजे आमच्यामुळं?" डॉक्टर म्हणाल्या, "नक्की कुणीच सांगू शकणार नाही. अशा त्वचेच्या मुलांना एरवीही होतं. पण शक्यता आहे." दुधाचा त्रास पुढं जाईल, मसुराचं बघू, बदाम मात्र बहुधा जन्मभर. घरात, शाळेत, प्रवासात ते इंजेक्शन कायम जवळ हवं.

नक्की कुणीच सांगू शकणार नाही. मला त्या वाक्याची चीड येते. दोष नक्की असता तर अलका तो पदरात बांधून मोकळी झाली असती, ती तशी बाई होती. नसता तर सुटली असती. पण ही शक्यता नावाची गोष्ट ना धड पोळते ना धड विझते. आणि त्या हिरव्या पानांच्या बाटल्या विकणाऱ्यांना आणि ग्रुपवर अक्कल पाजळणाऱ्या बायकांना कुणी जाब विचारणार आहे का? त्या ग्रुपमध्ये अपूर्वानं सगळं लिहिलं, तर खाली एकीनं लिहिलं की बदाम ऑर्गॅनिक नसतील.

त्याच आठवड्यात अलकाचं स्वयंपाकघर रिकामं झालं. डाळीचे डबे, तेल, आंबेहळद, वाळा, सगळं एका गोणीत भरून तिनं खाली नेऊन टाकलं. मी तिला अडवलं, म्हटलं, वाळ्यानं काय केलंय? ती म्हणाली, "मला आता कशाचंच सांगता येत नाही." दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, अलका पाणीसुद्धा फुंकायला लागली. धनूला घ्यायच्या आधी ती साबणानं कोपरापर्यंत हात धुवायची. मग एकदा धुऊन पुरेसं वाटेनासं झालं. मग घ्यायचीच नाही. पोर तिच्याकडे झेपावलं की हात मागं नेऊन म्हणायची, "आईकडे जा हं, राजा."

अपूर्वा तिला कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर भांडण झालं असतं, आणि भांडण झालं असतं तर रडून मिटलं असतं. दोघींनी मिळून एकच चूक केली होती, किंवा केली नव्हती, आणि एकमेकींकडे पाहिलं की दोघींना तेच दिसायचं. मग त्या एकमेकींकडे बघेनाशाच झाल्या. जेवताना "मीठ द्या" एवढंच. वर्ष व्हायच्या आत आशयनं नोएडात, लहान मुलांच्या मोठ्या हॉस्पिटलपासून हाकेच्या अंतरावर, घर घेतलं. अलकाला चल म्हणाला. ती म्हणाली, "मला इथं बरं आहे. सुनंदा आहे वर." मी आहे, पण मी म्हणजे धनू नव्हे.

परवाच्या दिवाळीत ती मला घेऊन नोएडाला गेली. एकटीला जाववत नाही तिला. दार धनूनंच उघडलं. आता तो चांगला बोलतो. निम्मं हिंदी, निम्मं मराठी. दारात आडवा उभा राहून त्यानं विचारलं, "आजी, हात धुतले?" आल्यागेल्या प्रत्येकाला तो हेच विचारतो, त्याला तसं शिकवलंय आणि शिकवायलाच हवं होतं. पण आजीशी तो बोलला ते हेच पहिलं वाक्य. अलका म्हणाली, "धुते हं, राजा." तिनं हात धुतले, पुसले, परत जाऊन आणखी एकदा धुतले. मग कोचाच्या टोकाला बसली, हात मांडीखाली घेऊन.

घरात दिवाळीचा कुठलाच वास नव्हता. अपूर्वानं धनूला साध्या पाण्यानं आंघोळ घातली आणि टॉवेलात गुंडाळून बाहेर आणलं. त्याची कातडी छान होती, कुठं डाग नाही. तिच्या हातात ती पांढरी, बिनवासाची क्रीम होती. ती लावायला ती खाली बसली, मग थांबली. अलकाकडे बघून, खूप दिवसांनी सरळ तिच्याकडे बघून, म्हणाली, "आई, आज तुम्ही लावता? अभ्यंग म्हणून."

मी अलकाला कोपरानं ढोसलं. धनू आपणच आजीसमोर जाऊन उभा राहिला, सवयीनं दोन्ही हात वर करून. अलकानं मांडीखालून हात बाहेर काढले. धुऊन धुऊन तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, लाल, धनूच्या कोपरांना पूर्वी असायच्या तशा. तिनं त्या हातांकडे पाहिलं, ते हळूच त्याच्याकडे नेले आणि वाटेतच थांबवले.

"नको गं. तूच लाव," ती म्हणाली. "माझ्या हातांना अजून बदामाचा वास येतो."

अपूर्वानं क्रीम बोटावर घेतली आणि धनूला आपल्याकडे वळवलं. मी अलकाचा हात धरून नाकाशी नेला. बदाम नाही, हळद नाही, काहीच नाही, नुसता साबण. मी म्हटलं, "अगं, कसला वास? काही येत नाही."

"तुला सर्दी झालीय," ती म्हणाली, आणि हात सोडवून घेऊन परत धुवायला उठली.